कूले द सेराँ : मठवाशांचा द्राक्षमळा आणि 'सेंद्रिय' द्राक्षारस

द्राक्षारसाच्या बाटलीवर 'सेंद्रिय' हा शब्द छापलेला दिसू लागल्यापासून आमच्या काही धर्मगुरुबंधूंनी आणि धर्मशिक्षकांनी एक प्रश्न वरचेवर उपस्थित केला आहे. रासायनिक खते व औषधे यांचा स्पर्श न झालेल्या द्राक्षांचा रस इतर द्राक्षारसापेक्षा अधिक शुद्ध मानावा काय, आणि तसे असल्यास पवित्र मिस्साबलिदानासाठी तोच वापरणे अधिक उचित ठरणार नाही काय, असा तो प्रश्न. प्रश्न प्रामाणिक आहे. तथापि त्यातील 'शुद्ध' या शब्दात शेतकऱ्याचा अर्थ, सरकारी नियमांचा अर्थ आणि धर्मविधीचा अर्थ असे निरनिराळे धागे गुंतून गेले आहेत. केवळ तर्काने ते सुटणार नाहीत. एखादे मूर्त उदाहरण समोर ठेवणे बरे. यास्तव आम्ही फ्रान्समधील एका द्राक्षमळ्याचा परिचय येथे करून देत आहोत. त्याचे नाव कूले द सेराँ. मळा जुना आहे, मठवाशांनी लावलेला आहे, तेथील द्राक्षारस पांढरा आहे, आणि गेली चाळीसहून अधिक वर्षे तेथे रासायनिक शेती नाही. शिवाय त्या शेतीमागे जी विचारसरणी उभी आहे, तिच्याविषयी धर्मगुरूने अजाण राहून चालणार नाही.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. सुमारे हजार किलोमीटरांचा प्रवास करून ती अटलांटिक महासागरास मिळते. मुखाच्या बरेच अलीकडे, आंजे या प्राचीन नगराच्या नैर्ऋत्येस पंधरा किलोमीटरांच्या आसपास, तिच्या उजव्या तीरावर साव्हेनिएर नावाचे लहानसे गाव आहे. तेथील टेकड्यांचे उतार दक्षिणेकडे तोंड करून नदीकडे उतरत जातात. खडक शिस्ट जातीचा, म्हणजे पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटणारा. वर मातीचा थर बेताचा. वेलीची मुळे त्या पापुद्र्यांच्या फटींत शिरून खोल जातात. द्राक्ष 'शनँ' या पांढऱ्या जातीचे. नदीच्या पलीकडे लेयाँ नावाच्या उपनदीच्या खोऱ्यात याच द्राक्षापासून प्रसिद्ध गोड द्राक्षारस होतो. साव्हेनिएरचा मात्र बहुतांशी कोरडा, साखरेचा अंश जवळजवळ न उरलेला असतो. आमच्याकडील वेदीच्या गोडसर द्राक्षारसाची सवय झालेल्या जिभेस तो प्रथम कठोरच वाटेल.

'कूले' या फ्रेंच शब्दाचा अर्थ ओघ, प्रवाह असा आहे, आणि स्थळनामात तो अरुंद दरीसाठी योजतात. मराठीत 'सेराँची घळ' म्हटले तर चूक होणार नाही. मळ्याचे क्षेत्र सुमारे सात हेक्टर, म्हणजे सतरा एकरांच्या आतबाहेर. फ्रान्समध्ये १९३५ पासून अशी व्यवस्था आहे की ठराविक भूमीत, ठराविक जातीच्या द्राक्षांपासून, ठरलेल्या रीतीने केलेल्या द्राक्षारसासच त्या स्थळाचे नाव लावता येते. साव्हेनिएरला हे संरक्षण १९५२ मध्ये मिळाले. एरवी अशा एकेका नावाखाली अनेक गावे व शेकडो शेतकरी येतात. येथे मात्र एकाच मालकाच्या एकाच मळ्यास स्वतःचे वेगळे नाव आहे, आणि अशी उदाहरणे साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. आंजे येथे जन्मलेले खाद्यरसिक लेखक कुर्नोन्स्की यांनी फ्रान्सच्या पाच सर्वश्रेष्ठ पांढऱ्या द्राक्षारसांत या मळ्याची गणना केली होती. जन्मभूमीचा अभिमान त्यात थोडा असेल. पण उरलेल्या चार नावांत मोंत्राशे आणि इकेम ही होती, म्हणजे पंगत लहान नव्हती.

मळ्याच्या परंपरेनुसार येथे पहिल्या वेली ११३० साली सिस्टर्शियन मठवाशांनी लावल्या. ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या अभ्यासकास हे वर्ष परिचित असेल. रोममध्ये त्याच वर्षी एकाच दिवशी दोन परमगुरू निवडले गेले, आणि दुसऱ्या इनोसंट यांचा पक्ष घेऊन क्लेअरव्होचे संत बर्नार्ड मठाबाहेर पडले. सितो येथे १०९८ साली स्थापन झालेला हा संघ तेव्हा अवघा बत्तीस वर्षांचा होता. संत बेनेडिक्ट यांचा नियम मूळच्या कडकपणाने पाळावा, आणि दशमांश व खंडावर न जगता आपल्या हातांनी भूमी कसावी, असा त्यांचा आग्रह होता. नियमाचे अठ्ठेचाळिसावे प्रकरण श्रमाविषयी आहे आणि चाळिसावे द्राक्षारसाविषयी. त्या चाळिसाव्या प्रकरणात संत बेनेडिक्ट यांनी एक विनोदी वाटावी अशी कबुली दिली आहे. मठवाशाने द्राक्षारसापासून दूर राहावे हेच योग्य, पण आजच्या मठवाशांच्या गळी ते उतरवणे कठीण, तेव्हा निदान बेताने तरी घ्यावा, असा तिचा आशय. दररोजचे माप एक 'हेमिना', सुमारे पाव लिटर, ठरवून दिले होते. मिस्सेचा द्राक्षारस, आजाऱ्यांचा व पाहुण्यांचा द्राक्षारस आणि हे रोजचे माप एवढे सर्व घरच्या घरी पिकवायचे, तर मठाला मळा हवाच.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपातील अशा मळ्यांचे श्रेय सरसकट 'मठवाशांना' दिले जाते. सिस्टर्शियन मठांत मात्र दोन वर्ग होते. एक, गायनगृहात बसून स्तोत्रे म्हणणारे. दुसरे, शेतीचे मुख्य काम पाहणारे श्रमबंधू. हे श्रमबंधू बहुधा निरक्षर शेतकरी घरांतून आलेले असत. त्यांना व्रते होती, पण मठाधिपतीच्या निवडणुकीत मत नव्हते. उतारावर कुदळ चालवणारे हात बव्हंशी त्यांचे. मिस्सेत अर्पणाच्या वेळी द्राक्षारसाबरोबर मानवी श्रमाचाही उल्लेख होतो, तेव्हा या निनावी बंधूंचे स्मरण अस्थानी ठरू नये.

मळ्याच्या शेजारी 'ला रोश ओ म्वान' नावाचा किल्ला होता. त्या नावाचा अर्थच 'मठवाशांचा खडक' असा आहे. १२१४ च्या जून महिन्यात इंग्लंडचा राजा जॉन याने त्यास वेढा घातला होता. फ्रान्सचा राजपुत्र लुई सैन्यासह येत आहे असे कळताच तो वेढा उठवून माघारी फिरला. जुलै महिन्यात बूव्हीन येथे त्याच्या मित्रपक्षांचा पराभव झाला, आणि पुढच्या वर्षी त्यास आपल्या सरदारांपुढे नमून प्रसिद्ध सनदेस मान्यता द्यावी लागली. राजांच्या भेटींच्या इतर अनेक आख्यायिका या मळ्याविषयी सांगतात. त्या आम्ही सोडून देतो.

मठवाशांच्या हातच्या वेली अर्थातच आज तेथे नाहीत. वेल माणसासारखीच आयुष्य संपवून जाते, आणि तिच्या जागी दुसरी लावावी लागते. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने युरोपातील बहुतेक सर्व द्राक्षमळ्यांची मुळे खाऊन टाकली. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिकडच्या रानवेलीचा खुंट लावून त्यावर युरोपीय वेलीचे कलम बांधावयाचे. तेव्हापासून फ्रान्समधील बहुतेक द्राक्षे परक्या मुळावर उभी आहेत. शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील कलमाच्या दृष्टान्ताचे स्पष्टीकरण करताना धर्मशिक्षकांनाही ती उपयोगी पडेल.

किडीपाठोपाठ बुरशी आली. आमच्याकडील बागायतदार जिला 'केवडा' म्हणतात, ती युरोपात प्रथम १८७८ साली आढळली. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या दृष्टीस असे पडले की रस्त्याकडेच्या काही वेलींवर हा रोग दिसत नाही. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालक त्यांच्यावर मोरचूद व चुना यांचे ओंगळ दिसणारे मिश्रण शिंपडीत असत. मियार्दे यांनी त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये जे औषध जाहीर केले, तेच 'बोर्डो मिश्रण'. नाशिक-सांगलीच्या मळ्यांत आज हे नाव ठाऊक नसलेला शेतकरी मिळणार नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षार. ही बाब आम्ही मुद्दाम सविस्तर सांगत आहोत, कारण 'सेंद्रिय' या शब्दाचा उलगडा करताना तिच्याकडे परत यावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम नत्रखते, तणनाशके आणि वेलीच्या अंगात भिनणारी बुरशीनाशके यांचा फ्रान्सच्या मळ्यांत सर्रास प्रसार झाला. कूले द सेराँ १९६२ मध्ये जोली कुटुंबाने विकत घेतला. त्या घरातील निकोला जोली हे न्यूयॉर्क व लंडन येथे एका मोठ्या बँकेत नोकरीस होते. १९७७ मध्ये ती सोडून ते मळ्यावर परतले. आधुनिक पद्धती स्वीकारल्यास पुष्कळ पैसा वाचेल, या अधिकृत सल्ल्यानुसार त्यांनी तणनाशके वापरून पाहिली. दोनेक वर्षांतच मातीचा रंग बदलला, जमीन निर्जीव दिसू लागली, मळ्यातील किडे व पाखरे नाहीशी झाली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. पुढे बायोडायनॅमिक शेतीवरील एक पुस्तक त्यांच्या हाती पडले. १९८० मध्ये त्यांनी प्रयोग सुरू केले, आणि काही वर्षांतच सारा मळा त्या पद्धतीखाली आणला. आज त्यांची कन्या विर्जिनी तेथील काम पाहतात.

आता 'सेंद्रिय' म्हणजे काय, आणि 'बायोडायनॅमिक' म्हणजे काय? दोन्ही शब्द एकाच दमात उच्चारले जातात. पण त्यांची कुळे वेगळी आहेत. योगायोग असा की दोहोंच्या इतिहासात १९२४ हे साल महत्त्वाचे आहे.

इंदूरच्या आमच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी यांतील एक कथा आहे. १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूर येथे वनस्पतिसंशोधन संस्था उभी राहिली, आणि इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. १९३१ पर्यंत ते तेथे होते. काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ठराविक काळाने ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत त्यांनी बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धती' या नावाने ओळखली जाते. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. हॉवर्ड यांनी भारतातील व चीनमधील शेतकऱ्यांच्या परंपरागत ज्ञानाचा आदराने अभ्यास केला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की माती जिवंत आहे, आणि तिच्यातून जे घेतले ते तिला परत दिल्यास वनस्पती निरोगी राहते. यात गूढ काही नाही. कुणीही खड्डा खणून पडताळा घ्यावा.

दुसरी कथा तत्कालीन जर्मनीतील कोबरव्हिट्झ या गावी घडली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. १९२४ च्या जून महिन्यात, पेन्टेकॉस्ट सणाच्या सुमारास, रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर आठ व्याख्याने दिली. स्टायनर शेतकरी नव्हते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे ते प्रमुख होते. अड्यारच्या मंडळींनी बालक कृष्णमूर्तींना भावी जगद्गुरू म्हणून पुढे केल्यावर मतभेद होऊन त्यांनी १९१२-१३ च्या सुमारास आपला वेगळा 'अँथ्रोपॉसॉफी' पंथ काढला. त्यांच्या मते शेत हा एक स्वयंपूर्ण देह आहे, आणि ग्रह-नक्षत्रांच्या शक्ती त्यात कार्य करीत असतात. त्या शक्ती आणण्यासाठी त्यांनी काही सिद्धद्रव्ये सांगितली. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावयाचे. वसंतात काढून, हेक्टरी शंभरेक ग्रॅम या प्रमाणात पाण्यात घालून, तासभर घुसळून शिंपडावयाचे. तशीच शिंगात गारगोटीची पूड भरून उन्हाळाभर पुरावयाची. खताच्या ढिगासाठी कॅमोमाइलची फुले गाईच्या आतड्यात, ओकची साल पाळीव प्राण्याच्या कवटीत, अशी आणखी काही. शिवाय पेरणी, छाटणी, खुडणी चंद्राची व राशींची स्थिती पाहून करावयाची.

कूले द सेराँ येथे हे सर्व केले जाते. मात्र त्याच्याच जोडीला आणखीही बरेच केले जाते. तीव्र उताराच्या भागात यंत्राऐवजी घोड्याने नांगरट होते. मळ्यावर गुरे आहेत, त्यांचे खत मळ्यालाच मिळते. वेलींमधील गवत सरसकट मारून टाकले जात नाही. फळ मुद्दाम कमी धरले जाते. खुडणी एकाच दिवशी उरकत नाहीत. त्याच वेलींमधून चार-पाच वेळा फिरून, प्रत्येक वेळी केवळ पूर्ण पिकलेले घड घेतात, आणि यात कित्येक आठवडे जातात. आमच्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये व ऑक्टोबरमध्ये छाटणी होते, कारण येथे वेल झोपतच नाही. आंजूमध्ये ती हिवाळ्यात वाळल्या काटकीसारखी दिसते. तेव्हा एकदाच छाटतात, आणि वसंतातील उशिराच्या हिमाने कोवळे डोळे जळाले की त्या वर्षाची आशा संपते. अशा मेहनतीने आलेल्या द्राक्षांतून जे उत्तम निघते, त्याचे श्रेय शिंगाला द्यावे की घोड्यामागे चालणाऱ्या माणसाला?

आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. कॅलिफोर्नियातील एका मळ्यात सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक वाफे शेजारी-शेजारी ठेवून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या सहा वर्षांत मातीच्या गुणवत्तेत दोहोंमध्ये फरक आढळला नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या दीर्घ तुलनेत रासायनिक शेतीपेक्षा सेंद्रिय व बायोडायनॅमिक अशा दोन्ही प्रकारच्या जमिनींत जिवाणू व गांडुळे अधिक आढळली, उत्पन्न मात्र सुमारे एक पंचमांशाने कमी. म्हणजे लाभ आहे. तो खताचा, काळजीचा आणि विषे टाळण्याचा आहे. तो इंदूरच्या खड्ड्यातूनही मिळतो. त्यासाठी ग्रहांना आवाहन करण्याचे कारण दिसत नाही.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने याहून गंभीर बाब म्हणजे स्टायनर यांची ख्रिस्तविषयक मते. ख्रिस्त हे सूर्याशी निगडित असे एक वैश्विक तत्त्व आहे. मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांतील येशुबालके दोन निरनिराळी होती. मनुष्य पुन्हा पुन्हा जन्म घेतो, असे ते शिकवीत. हे 'शब्द देही झाला' या आमच्या विश्वासाशी कोठेही जुळणारे नाही. थिऑसॉफीची शिकवण कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचा निर्णय रोमच्या होली ऑफिसने १९१९ मध्येच दिला होता. स्टायनर यांचा पंथ त्याच झाडाची फांदी आहे.

मग अशा शेतीतील द्राक्षारस ख्रिस्ती माणसाने प्यावा की नाही? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाविषयी करिंथकरांनी संत पौलांना हेच विचारले होते, आणि पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत त्याचे उत्तर आहे. पृथ्वी व तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे. बाजारात विकले जाते ते विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खावे. मात्र दुर्बळ बंधूला अडखळण होत असेल तर थांबावे. वेल स्टायनर यांची नव्हे. जो मळा त्यांच्या जन्मापूर्वी सातशेहून अधिक वर्षे पिकत होता, त्यास त्यांच्या पंथाची मालमत्ता समजण्याचे कारण नाही. पण धर्मग्रामातील एखादा उत्साही तरुण चांद्र पंचांग व शिंगाची पूड यांना 'ख्रिस्ती शेती' म्हणून पुढे करू लागला, तर धर्मगुरूने गप्प बसू नये. खत करायला शिकवावे आणि बाकीचे बाजूस ठेवावे.

सरकारी नियमांतील 'सेंद्रिय' हा शब्द याहून पुष्कळच कोरडा आहे. युरोपात २०१२ पूर्वी 'सेंद्रिय द्राक्षारस' असे लिहिताच येत नसे. 'सेंद्रिय द्राक्षांपासून केलेला' एवढीच मुभा होती. आता किण्वनाची व साठवणीची रीतही नियमांत आली आहे. कृत्रिम खते, कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके निषिद्ध. परंतु मियार्दे यांचे बोर्डो मिश्रण चालते, कारण तांबे व चुना ही खनिजे. केवळ मर्यादा आहे: सात वर्षांत मिळून हेक्टरी अठ्ठावीस किलो तांबे. तांबे मातीत साचून राहते आणि गांडुळांना अपाय करते, म्हणून ही मर्यादा. द्राक्षारस टिकावा म्हणून घालावयाचे गंधकही चालते. साखर जवळजवळ नसलेल्या पांढऱ्या द्राक्षारसात लिटरला दोनशे मिलिग्रॅमऐवजी दीडशे, एवढाच फरक. 'सेंद्रिय' म्हणजे 'रसायनविरहित' असा जो समज आहे तो यास्तव टिकत नाही. किण्वन घडवणारे यीस्ट स्वतःही थोडे गंधकयुक्त द्रव्य निर्माण करते.

कूले द सेराँमध्ये गंधक अल्प वापरतात. यीस्ट विकतचे घालीत नाहीत. द्राक्षांच्या सालीवर व तळघरात असलेल्या यीस्टवरच रस लाकडी पिंपांत सावकाश आंबतो. पिंपे बहुतांशी जुनी, म्हणजे लाकडाचा वास द्राक्षारसाला लागत नाही. तयार रसाचा रंग सोनेरी, मद्यांश बहुधा चौदा ते पंधरा टक्के. मध, मेण व वाळलेली फळे यांची आठवण करून देणारा गंध तज्ज्ञांनी वर्णिला आहे. बाटली पिण्यापूर्वी चोवीस तास आधी उघडून दुसऱ्या पात्रात ओतून ठेवावी आणि फार थंड करू नये, असे जोली सांगतात. उघडलेली बाटली कित्येक दिवस अधिकाधिक चांगली होत जाते असाही त्यांचा अनुभव. द्राक्षारस दीर्घायुषी आहे, आणि किंमत आमच्या धर्मग्रामांच्या आवाक्यापलीकडची. तो वेदीसाठी मागवावा असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

मूळ प्रश्नाकडे येऊ. १९८३ च्या कायदेसंहितेतील ९२४ व्या नियमाने द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासूनच झालेला व न बिघडलेला असावा, इतकेच मागितले आहे. सेंद्रिय लागवडीची अट त्यात नाही. रंगाचीही नाही, पांढरा द्राक्षारस तितकाच वैध आहे, आणि वस्त्रांवर डाग पडत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी तोच पसंत करतात. धर्ममाता ज्यास नैसर्गिक म्हणते आणि प्रमाणपत्र देणारी संस्था ज्यास सेंद्रिय म्हणते, ते एक नव्हे. शेताची शुद्धता हा सृष्टीच्या व मजुराच्या आरोग्याचा विषय आहे, आणि त्याचे मोल आम्ही कमी मानत नाही. मात्र संस्काराची वैधता त्यावर अवलंबून नाही. साध्या मळ्यातील द्राक्षारसाने मिस्सा करणाऱ्या खेड्यातील धर्मगुरूने मनात कसलीही शंका बाळगू नये.

उलट दोन धोके आम्हांस दिसतात. आमच्या बाजारात जांभूळ, चिकू, स्ट्रॉबेरी यांचे द्राक्षारसासारखे पेय आकर्षक बाटल्यांतून मिळते, आणि त्यांवरही 'सेंद्रिय' किंवा 'नैसर्गिक' असे शब्द असू शकतात. ते कितीही निर्मळ असो, द्राक्षाचे नाही. त्याने संस्कार होत नाही. ज्याच्या शुद्धतेविषयी किंवा उगमाविषयी शंका आहे असा द्राक्षारस वापरण्यास २००४ च्या 'रिदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम' या निर्देशपत्राने स्पष्ट मनाई केली आहे. १५ जून २०१७ च्या परिपत्रकात रोमने महागुरूंना पुन्हा आठवण दिली की आता हे पदार्थ दुकानांतून व अन्य मार्गांनीही विकले जाऊ लागले आहेत, तेव्हा त्यांवर देखरेख ठेवावी. बाटलीवरील शब्दापेक्षा आपल्या महागुरूंची मान्यता पाहावी.

दुसरा धोका टिकाऊपणाचा. कूले द सेराँ उघडल्यावर दिवसेंदिवस टिकतो म्हणून गंधक न घातलेला कोणताही द्राक्षारस टिकेल, असे नाही. त्या द्राक्षारसाची घडणच निराळी आहे, आणि तो थंड तळघरात राहतो. आमच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या सॅक्रिस्टीत, गंधक नसलेली बाटली उघडून आठवडाभर ठेवली तर तिची शिरका होण्यास वेळ लागणार नाही, आणि शिरका ही संस्कारासाठी योग्य वस्तू नव्हे. म्हणून बाटली उघडल्यावर उरलेला द्राक्षारस लहान, स्वच्छ बाटल्यांत काठोकाठ भरावा, बूच घट्ट बसवावे, शक्य असल्यास शीतकपाटात ठेवावा, आणि कुपीत ओतण्यापूर्वी सॅक्रिस्टनने दर वेळी वास घेऊन पाहावा.